पंचावन्नला दोन महिने कमी

वय : चोपन्न वर्षे दहा महिने.
आधीचे काम : शिंपी. (सगळे मास्तर म्हणतात. हे लिहायला जागा नाही.)
अपंगत्व : अर्धांगवायू, उजवा हात निकामी.

एवढं बायकोनं भराभर भरलं. चौदाव्या प्रश्नाशी पेन अडलं.

१४. अर्जदार दुसरे काम शिकू शकतो काय? पंचावन्न पूर्ण असल्यास हा प्रश्न सोडावा.

"नाही लिहिते," ती म्हणाली.

"हो लिही."

खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी चष्मा वर सरकवला. "काका, हो लिहिलंत तर पेन्शन विसरा. पंचावन्नच्या आतला माणूस शिकू शकतो, असं सरकार धरूनच चालतं."

"बरोबर आहे सरकारचं."

बायकोनं कपाळाला हात लावला. "जन्मात पहिल्यांदा यांना सरकार पटलं, तेही आजच."

१४ (अ). शिकत असल्यास तपशील :

चार महिने झाले. ती कामावर गेली की मास्तर चिंधी गुडघ्याखाली दाबतात आणि डाव्या हातानं टाके घालतात. नागमोडी. परवा उशीचा अभ्रा शिवला, त्यासोबत अंगातला पायजमाही शिवला गेला. संध्याकाळी तिनंच कात्रीनं सोडवलं. हसता हसता दोघांना जेवायला उशीर झाला.

(यातलं काही अर्जात गेलं नाही.)

"कागदच आहे तो," ती हळूच म्हणाली. "नाही म्हणायला काय जातंय?"

"सही मला करायचीय. डाव्या हातानं. तीही शिकलोय."

कारकूनबाईंनी जन्मतारखेवर बोट ठेवलं. "दोन महिन्यांनी या. तेव्हा हा प्रश्नच गळतो. फक्त हात तपासतील."

"दोन महिन्यांत माझी अक्कल जाणार?"

"नाही हो काका. वय होणार."

बायकोनं मनात दोन महिने मोजले. शाळेच्या फरशा पुसून झाल्या की दवाखान्याच्याही पुसता येतील. अर्ज घडी घालून तिनं पिशवीत टाकला.

जिना उतरताना तिनं त्यांचा उजवा हात धरला. त्यांना कळलं नाही, मग दिसलं.

"आणि पंचावन्ननंतरही शिकत राहिलो तर?"

"राहा की. विचारणार कोण आहे?"

"तू."

"मी नाही विचारणार. उसवलेलं आणून पुढ्यात ठेवीन."