चारशे वेळा दान झालेलं पोतं

मित्रांनो, मी एक जुनं, पन्नास किलो तांदळाचं पोतं आहे आणि मला माझीच किळस येते. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी डोळ्यांत पाणी आणतात. पाणी माझ्याकडेही आहे, पण ते तळाशी साचलेलं आहे आणि त्याला वास येतो.

तरी रीत म्हणून बालपण सांगतो. माझा जन्म कंबोडियात, बट्टम्बांगच्या एका भातगिरणीत झाला. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून माझं अंग केलं, त्यावर निळा हत्ती छापला, आत मोगऱ्याच्या वासाचा नवा तांदूळ भरला आणि लाल दोऱ्यानं माझं तोंड शिवलं. शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हे ज्यांच्या घरी जाईल ना, त्यांची मजा आहे बघ." त्या बाईला मी अजून क्षमा केलेली नाही.

मी गेलो तोनले साप सरोवरावरच्या एका तरंगत्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही सहल काढाल. तिथं मला सावोन नावाच्या बाईनं आपल्या तरंगत्या दुकानात ठेवलं. सगळं गाव तिला मिंग म्हणतं. मिंग म्हणजे मावशी. ज्यांना ती मुळीच आवडत नाही, तेही मिंगच म्हणतात, कारण उधारी तिच्याकडेच मिळते. दुकानात शेवयांची पाकिटं, सिगारेटी, थंड पेयं, आणि फळ्यांखाली पिंजऱ्यात अकरा मगरी. मगरी पाहुण्यांना दाखवायला होत्या. मीही पाहुण्यांना दाखवायलाच होतो, हे मला नंतर कळलं.

पाहुणे यायचे कोसालच्या बोटीतून. कोसाल नावाडी, वाटाड्या आणि गावातला पहिल्या प्रतीचा रडका. सकाळी आठला धक्क्यावरून निघायचं, तरंगतं गाव बघायचं, मगरी बघायच्या, जेवणाच्या वेळेला परत. अर्ध्या दिवसाची सहल. मगरी बघून झाल्या की कोसाल बोटीचं इंजिन बंद करायचा, पाण्याकडे बघत दहा आकडे मोजायचा आणि भरल्या गळ्यानं सांगायचा, "या गावच्या शाळेतल्या मुलांकडे आज तांदूळ नाही." 'आज' हा शब्द तो इतक्या दुःखानं उच्चारायचा, की कालपर्यंत तिथं रोज मेजवानी होती असंच वाटावं.

मग पाहुणे मला विकत घ्यायचे, बाजारभावाच्या दुपटीनं. मला शाळेत न्यायचे. नीमोल नावाच्या मास्तरीणबाई मुलांना रांगेत उभं करायच्या, मुलं गाणं म्हणायची, पाहुणे माझ्या गळ्यात हात घालून फोटो काढायचे. पहिल्या दिवशी मला भरून आलं होतं. मी मनात म्हणालो, चला, आता ही पोरं मला खातील!

पाहुण्यांची बोट वळली. तिनं उठवलेल्या लाटा अजून शाळेच्या पायरीला लागत होत्या, तेवढ्यात मिंग सावोनची लहान होडी आली आणि मला उचलून परत दुकानात घेऊन गेली. शाळेला त्याबदल्यात खडूची एक पेटी मिळाली. दुपारच्या बोटीला माझं पुन्हा दान झालं.

मित्रांनो, असं चारशेच्या वर वेळा झालं. एवढं पुण्य एका जागी साठलं की त्याचं अजीर्ण होतं.

आणि काय काय सोसलं म्हणता! पाहुण्यांचे हात उन्हाच्या मलमानं बुळबुळीत असतात. आमच्या घराघरांत आंबवलेल्या माशांचं प्राहोक असतं, त्याच्या वासानं ही मंडळी नाकाला रुमाल लावायची आणि मग तोच रुमाल माझ्या हत्तीवरून फिरवून "किती छान!" म्हणायची. एका बाईंनी मला डोळे मिटून मिठी मारली आणि मिठी सुटताच बाटलीतलं औषध चोळून हात धुतले. एका गृहस्थांनी तर माझा मुका घेतला. माझा अंदाज आहे, की त्यांना फोटोत मूल हवं होतं आणि ते वेळेवर हललं.

यापेक्षा आत जे चाललं होतं ते वाईट. पहिल्या पावसाळ्यात तळाशी पाणी शिरलं. तांदळाचे गोळे झाले, पिवळे, मग हिरवट. टोके झाले. टोक्यांना पोरं झाली. अळ्यांनी जाळी विणली. एका बाजूनं उंदीर शिरला. तो तीन महिने राहिला आणि भाड्याऐवजी लेंड्या ठेवून गेला. माझ्या पोटात रात्रंदिवस काहीतरी वळवळायचं, आणि बाहेर मुलं मला टाळ्या वाजवायची. बाजूला भोक पडलं की मिंग चिकटपट्टी लावायची. एकदा नीमोलबाई हळूच म्हणाल्या, "मिंग, एकदा तरी उघडू या का? मुलांना खिचडी होईल."

"वेडी आहेस का?" मिंग म्हणाली. "उघडलेलं पोतं महिनाभर पुरतं. न उघडलेलं बघ, तिसरं वर्ष चाललंय."

नीमोलबाईंनी खडूची पेटी घेतली आणि मुलांना वर्गात नेलं. मला त्यांचाही राग आला नाही, इतका मी तोवर कुजलो होतो.

मग प्चुम बेन आला. तुमचा पितृपंधरवडा असतो ना, आमचा तोच. या पंधरा दिवसांत भुकेले पितर सुटतात. त्यांची तोंडं सुईच्या भोकाएवढी असतात. ते सात विहार फिरतात आणि आपल्या माणसांनी कुठं भाताचा गोळा ठेवलाय का ते बघतात. सापडला नाही तर शाप देतात. आमच्या गावात माणसं पोलिसांना फसवतील, पाहुण्यांना फसवतील, मगरींना वजनात फसवतील. पितरांशी मात्र कुणी वाकडं वागत नाही.

दहाव्या दिवशी कोसालच्या बोटीत एकच बाई होती. थावी तिचं नाव. आमच्याच मुलखातली, पण लहानपणीच अमेरिकेला गेलेली. वय पन्नाशीच्या आतबाहेर. आमची ख्मेर भाषा बोलायची ती नऊ वर्षांच्या मुलीसारखी, कारण त्याच वयात तिची भाषा थांबली होती. कोसालनं इंजिन बंद केलं, दहा आकडे मोजले आणि शाळेचं सांगितलं. थावीनं ऐकलं. मला विकत घेतलं. कोसाल मला खांद्यावर टाकून बोटीत ठेवतो न ठेवतो, तोच ती म्हणाली, "दादा, शाळेत नको. विहारात चला."

कोसालचा खांदा तसाच वर राहिला. "विहारात? बोंग, अहो ताई, विहारात तांदूळ रगड आहे. भंते खाऊन खाऊन कंटाळलेत. मुलं उपाशी आहेत!"

"मुलांसाठी दुसरं पोतं घेते की."

"दुसरं..." कोसालनं दुकानाकडे पाहिलं. "दुसरं नाहीये."

"मग हे विहारात. माझी आई या सरोवराच्या काठी गेली. बंदूकवाल्यांनी कालवा खणायला जुंपलं होतं. भुकेनं गेली." थावी हे अगदी साधेपणानं बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. "तिकडं दर वर्षी ठेवते मी गोळा. पण तिला अमेरिका कुठं माहीत आहे? ती इथंच शोधत असणार."

कोसाल 'दोरी सोडतो' असं सांगून दुकानात शिरला. फळ्यांच्या भिंती, मित्रांनो; मला सगळं ऐकू येत होतं.

"मिंग, घोटाळा झाला. ही विहारात न्यायचं म्हणतेय!"

"मग ने, आणि संध्याकाळी परत आण."

"विहारातनं?"

मिंग दचकली. "नको नको! मुडद्या, भलतंच सुचवतोस! पितरांचं उचलून आणलंस तर मेल्यावर तुझंही तोंड सुईएवढं होईल. मग रडून दाखव पाहुण्यांना."

"तुम्हीच म्हणालात! बरं, मग तुमच्या घरचं पोतं द्या. बदलून नेतो."

"घरचं?" मिंगचा आवाज खरोखर दुखावला होता. "अरे, ते आम्ही खातो!"

असा मी विहाराकडे निघालो. वाटेत कोसाल एकदाही रडला नाही. इतका गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता.

विहार म्हणजे पिंपांवर तरंगणारं मोठं लाकडी दालन. गावातल्या सात-आठ बाया दुसऱ्या दिवसाच्या गोळ्यांसाठी तीळ निवडत बसल्या होत्या. म्हातारे भंते मला बघून हसले. थावीनं हात जोडले आणि भंत्यांशी बोलायचे आदराचे शब्द ठाऊक नसल्यामुळे शेजारच्या आजोबांना विचारावं तसं विचारलं, "तुम्ही हे माझ्या आईपर्यंत पोचवाल ना?"

बायांना हसू आलं. भंत्यांना आलं नाही. "पोचवू की, पोरी. आजच भात लावू. उघडा गं, कुणीतरी."

कोसाल म्हणाला, "भंते, उद्या उघडा. आज दिवस बरा नाही."

"दिवस मी बघतो. तू सुरी बघ."

मित्रांनो, तीन वर्षं ज्या क्षणाची मी वाट पाहिली, तो आला. आणि तो येऊ नये म्हणून मी हत्तीचे पाय धरत होतो. सुरीनं लाल दोरा कापला. माझं तोंड उघडलं.

आधी वास बाहेर आला. प्राहोकच्या बरणीशेजारी आयुष्य काढलेल्या बाया, पण त्यांनीही पदरासारखं उपरणं नाकाला लावलं. मग टोके बाहेर आले, उजेड बघायला, घरंदाज माणसांसारखे सहकुटुंब. मग अळ्या. एका आजीनं तोंड फिरवून पाण्यात पचकन थुंकलं. सगळ्यांना पोतं ओळखू आलं होतं. प्रत्येकीच्या पोरानं त्या पोत्यापुढे गाणं म्हटलं होतं.

थावी ओरडेल असं वाटलं. तिनं बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात माझ्या पोटात घातला आणि मूठभर तांदूळ वर काढला. बोटांवरून अळ्या चालल्या होत्या.

"आईला शेवटी हेसुद्धा मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "सूप आहे का कुणाकडे?"

आणि ती निवडायला बसली. एक एक दाणा. चांगला इकडं, वाईट तिकडं. अर्ध्या दिवसाची सहल कधीच संपली होती. कोसाल दारात उभा होता. त्याला जा म्हणणारंही कुणी नव्हतं आणि बस म्हणणारंही. थोड्या वेळानं थुंकलेली आजी पुढे सरकली आणि दुसरं सूप घेऊन बसली. मग तिसरी. शाळा सुटल्यावर नीमोलबाई आल्या, त्याही मान खाली घालून बसल्या.

दुपार कलल्यावर मिंग सावोन आली. पोत्याचं काय झालं ते बघितल्याशिवाय राहवलं नव्हतं तिला. दारातच थबकली. थावीनं वर पाहिलं.

"मिंग, या ना. तुमचं कोण गेलं होतं त्या दिवसांत?"

सक्तीच्या कामाच्या आणि उपासमारीच्या त्या जुन्या दिवसांबद्दल गावात असं सरळ कुणी विचारत नाही. मिंगनं ओठ चावला. "वडील. आणि दोन भाऊ."

"भुकेनंच?"

मिंगनं होकाराची मान हलवली.

"मग त्यांचे गोळेही यातूनच करू," थावी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच नव्हता, तिनं तर मिंगसाठी जागाही करून दिली. "हे बघा, वाटीभर निघालाय चांगला."

मिंगनं सुपाकडे पाहिलं. सुपातून एक अळी कडेला आली होती आणि मान वर करून हलवत होती, सुईच्या भोकाएवढ्या तोंडानं. मिंगचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ही ओकणार. ती वळली आणि धावली. तीन वर्षांत मिंगला धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या वजनानं सबंध विहार एका बाजूला कलला.

ती परत आली तेव्हा होडीत घरचं पोतं होतं. जे ते खात होते, ते. कोसालनं हात पुढे केला तर त्याला ढकलून तिनं स्वतः पाठीवर घेतलं आणि बायांच्या मधोमध टाकलं. "उघडा," म्हणाली, आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

माझे एकोणपन्नास किलो मगरींनीही खाल्ले नाहीत. त्यांच्यापुढे टाकून पाहिलं. त्या मागे सरकल्या. एका वाटीचा मात्र थावीनं वेगळा भात लावला, आणि तिच्या हातचा तीळ घातलेला एकच गोळा पहाटे बाकीच्या गोळ्यांबरोबर पाण्यात गेला. मी तेव्हा विहाराच्या कठड्यावर रिकामा वाळत होतो. उजाडलं तेव्हा गोळा नव्हता. माशांनी खाल्ला की आणखी कुणी, ते मी विचारलं नाही.

आता मी विहाराच्या पायरीवर पायपुसणं आहे. हत्ती पुसत चाललाय. मिंगच्या दुकानात नवं पोतं आलंय, लाल दोऱ्यानं शिवलेलं. कोसाल पुन्हा दहापर्यंत मोजतो. हो, माणसं तशीच असतात, मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? फरक एवढाच, की नीमोलबाई आता पाहुण्यांसमोरच सुरी मागतात. "मुलांना तांदूळ बघू दे," म्हणतात. सुरी मिंगलाच द्यावी लागते. नवं पोतं महिनाभरात संपतं आणि मिंग दर महिन्याला मला शिव्या देते.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तेव्हा त्याचं शिवलेलं तोंड उघडा, कोपरापर्यंत हात घाला आणि वास घ्या. आणि जे दिलं, ते कुणी खाल्लं का, हे बघेपर्यंत बोट वळवू नका. माझं चारशे वेळा दान झालं. भूक मात्र माझ्या एका वाटीनं भागली, तीही बहुधा मेलेल्या माणसाची.

पाय पुसा आणि आत या. आज भात ताजा आहे.