रिकामी नळी

तिचे मोठे दीर तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागले ते ती कंपनीत रुजू झाली त्याच आठवड्यात. जमिनीतून काढलेला दगड ती टेबलावर आडवा निजवायची, त्याच्यावर पाणी मारायची आणि भिंग लावून वाकून बघायची. "काय, रोगी वाचेल का?" असं भाऊजी शेडच्या दारातून विचारत आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसत.

कंपनीचं काम जमीन तपासण्याचं. जिथे पूल किंवा मोठी इमारत व्हायची असेल तिथे भोक पाडून खालचा दगड वर काढायचा आणि तो भार पेलेल की नाही ते सांगायचं. भोक भाऊजी पाडत. मशीनची पोकळ नळी फिरत फिरत खाली जाई, आणि वर ओढली की तिच्या पोटातून मनगटाएवढा जाड दगडाचा दांडा निघे. त्याचे तुकडे लांबट पेट्यांमध्ये, जसे वर आले तसे क्रमाने मांडून शेडमध्ये येत. पुढचं काम तिचं. कंपनीत तिच्यासाठी शब्द भाऊजींनीच टाकला होता. घरही एकच होतं; ते आणि जाऊबाई खाली, ती आणि तिचा नवरा वर.

त्या वेळी काम नदीवरच्या पुलाचं होतं. काठावरचा सगळा दगड वाळूचा. कोणे एके काळी नदीने वाळू आणून टाकली, पुढच्या पुराने तिच्यावर आणखी टाकली, आणि असं होत राहिलं. वरच्या ओझ्याने खालची वाळू दबली, फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने कणाला कण चिकटला, आणि वाळूचा दगड झाला. पूर ओसरताना जड खडे आधी बसतात, बारीक वाळू मागाहून. म्हणून एकेका थरात खाली भरड आणि वर बारीक. दगड कितीही जुना झाला तरी ही खूण पुसत नाही. हातात आलेल्या तुकड्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले, ते त्यावरून कळतं.

डाव्या काठाच्या पेट्या बघताना तिला एक तुकडा डोक्यावर उभा असलेला सापडला. भरड बाजू वर, बारीक खाली. यात नवल नव्हतं. पेटी भरताना घाईत तुकडा फिरतो. तिने तो सुलटा केला. पण मग तो वरच्या तुकड्यालाही जुळेना आणि खालच्यालाही. त्याच्या एका टोकाला एक तांबूस गोटा मधोमध फुटलेला होता. उरलेला अर्धा गोटा शेजारी कुठेच नव्हता. तो तिला बऱ्याच वरच्या, कमी खोलीवरून आलेल्या पेटीत मिळाला. दोन्ही तुकडे तिने टोकाला टोक लावून धरले, तर मध्ये नखसुद्धा जाईना. त्या वरच्या पेटीतले बाकीचे तुकडे जरा सैलसर, अंतर ठेवून मांडलेले होते, हेही तिला तेव्हा दिसलं.

भाऊजी चहाच्या वेळी आले तेव्हा तिने दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर ठेवले.

"हा इथला नाही, भाऊजी. वरून आणून घातलाय."

त्यांनी तुकडे हातात घेतले नाहीत. कपातला चहा संपवला आणि बाकावर बसले.

"नळी रिकामी आली," ते म्हणाले. "निम्मी. पाण्याचा जोर जास्त झाला असेल. खाली काहीतरी मऊ होतं, ते धुऊन गेलं."

"मग तसंच लिहायचं. इतकं मिळालं नाही म्हणून."

"आजवर माझी नळी कधी रिकामी आलेली नाही. मशीनवरचे सगळे मला तेवढ्यासाठीच मानतात." मग ते म्हणाले, "वर वाळूचा दगड, खाली वाळूचा दगड. मध्ये वीतभराने काय फरक पडतो?"

"वाळूचा दगड असता तर धुऊन गेला नसता. तो चिखलाचा थर असणार. काठ उतरता आहे. पुलाचा पाय त्यावर आला आणि तो थर भिजला, तर वरचं सगळं ओल्या साबणावरून सरकल्यासारखं खाली येईल."

"म्हणजे तू लिहिणार."

"तुम्ही स्वतः साहेबांना जाऊन सांगा. मी दोन दिवस थांबते."

ते उठले. दारात म्हणाले, "झाकली मूठ राहू दिली असतीस तर कुणाचं काय बिघडलं असतं?" आणि गेले.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. कुठल्याही भांडणात दोन्ही बाजू मांडायच्या आणि उत्तर द्यायचं नाही, ही त्याची रीत. "दादा चुकला," तो म्हणाला, "पण दादाने तुला तिथे लावलं हेही आहेच."

"तेवढं मलाही कळतं. मी काय करू ते सांग."

तो बराच वेळ वह्या तपासत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "लिही."

भाऊजी साहेबांकडे गेले नाहीत. ठरल्याप्रमाणे थांबून तिने अहवाल दिला. साहेब तुकडे बघायला शेडमध्ये आले, गोटा जुळवून पाहिला, खाली ठेवला. भाऊजींना मशीनवरून काढून घरी बसवलं. त्याच जागेशेजारी नवं भोक पाडायचं ठरलं.

घरात आवाज चढला नाही. जाऊबाईंनी फक्त बोलणं बंद केलं. जिन्यात समोरासमोर आल्या की त्या भिंतीकडे बघत. वाळत घातलेले कपडे पूर्वी दोघींचे एकाच दोरीवर असत; आता खालच्यांची वेगळी दोरी बांधली गेली. भाऊजी दिवसभर घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करत राहिले. मोडलेलं संपलं तेव्हा धड चाललेलंही उघडून बसले.

दुसऱ्या मशीनवरचा चालक नव्या भोकासाठी आला. चांगला अनुभवी माणूस. पण त्याचीही नळी नेमकी त्याच खोलीला अर्धी रिकामी आली. म्हणजे मऊ थर आहे हे नक्की झालं. तो केवढा आणि कसला, हे मात्र हाती लागेना. चालकानेच तिला म्हटलं, "तुमच्या दिरांना विचारून बघा. आपली काही ना नाही."

ती संध्याकाळी खाली गेली. दार जाऊबाईंनी उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. भाऊजींपुढे एक उघडलेलं कुलूप पडलं होतं.

"त्यांचीही नळी रिकामी आली," तिने सांगितलं.

भाऊजींनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं, मग ते त्यांनाच आवडलं नसावं. "पाणी किती ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी हो-ना करत परवानगी दिली. मशीनला हात लावायचा नाही, शेजारी उभं राहायचं. तिसरं भोक तसं झालं. भाऊजी नळीला कान लावल्यासारखे उभे होते. "पाणी कमी. आणखी कमी. आता दाबू नका, तिचं वजन तिला पुरे आहे." त्या वीतभरासाठी सकाळ गेली. नळी वर आली, आडवी करून हळूच उघडली, आणि दोन वाळूच्या दगडांमध्ये काळसर चिखलाचा ओला गोळा होता, अखंड.

शेडमध्ये तिने तो पात्याने उभा चिरला. आत कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर, एक फिका, एक गडद. पुरानंतर मागे राहिलेल्या डबक्यात पाणी हललं नाही तर गाळ असा बसतो. वरच्या अंगाला भेगा होत्या आणि भेगांत वाळू. डबकं आटलं होतं, तळ तडकला होता आणि मग पुढच्या पुराने वाळू त्यात भरली. मधल्या एका थरात अंगठ्याएवढं पान होतं, शिरांसकट.

पुलाचा पाय मागे, पक्क्या दगडावर नेण्यात आला. आराखडा बदलला, काम लांबलं. भाऊजींना मशीन परत मिळालं नाही. त्यांना कार्यशाळेत नळ्या आणि त्यांच्या टोकाचे दगड कापणारे दात साफ करायला ठेवलं, आणि ते रोज वेळेवर जाऊ लागले. शेडच्या दारात मात्र थांबत नसत. जाऊबाई महिन्याभराने बोलल्या. "वरची टाकी भरून वाहतेय," एवढंच. पण ते वाक्य त्यांनी भिंतीला नाही, तिला सांगितलं.

एका सुट्टीच्या दिवशी भाऊजी वर आले. नवरा बाहेर गेला होता. तिने चहा ठेवला. ते खिडकीशी बसले.

"ते पान," ते म्हणाले. "तसलं झाड आता असतं का?"

"नाही. जगात कुठेच नाही."

"आणि मी धुऊन घालवलं त्यात? त्यातही असतील पानं?"

तिने विचार केला. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

"असतील."

त्यांनी मान हलवली. चहा प्यायले, कप स्वतःच विसळून ठेवला आणि खाली गेले.