भिंगरीच्या नडगीतला तुकडा

मी हाडाचा एक मेलेला तुकडा बोलतोय. तुम्ही दचकू नका. भीतीनं गाळण उडालीय ती माझी.

आठ वर्षं मी एका मुलीच्या नडगीत मजेत होतो. ती एका जागी टिकायची नाही, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. एकदा तिला सणसणून ताप भरला आणि नडगी ठणकू लागली. "पडली असेल कुठंतरी," म्हणत आत्यानं पाय रगडून रगडून चोळला. मायेनंच हो! पण जंतू केव्हाच हाडात शिरले होते. पुवानं माझा रक्तपुरवठा तोडला आणि मी मेलो.

पुढं कातडीला भोक पडून पू वाहायला लागला. जंतूंनी माझ्यातच बिऱ्हाड थाटलं. मेलेल्या हाडात औषध पोचतं कुठलं? आपल्याच मुलीचा पाय आपण नासवतोय, या विचारानं माझा थरकाप व्हायचा.

"काढून टाका ना ते आजच!" आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं ऑपरेशन लगेच केलंत की!"

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "त्याच्या हाडात नुसती पुवाची पोकळी होती. हिचा प्रकार वेगळा. हा तुकडा मेलाय आणि भोवती नवं हाड धरतंय, पण या बाजूला अजून उघडंच आहे. आज तुकडा काढला तर पाय कशावर उभा राहील? तीन महिने थांबू."

"आणि तोवर पाय हातचा गेला तर?"

"म्हणून तर दर पंधरा दिवसांनी आणायचं. ड्रेसिंग एकदाही चुकवायचं नाही."

पायाला प्लास्टर घातलं आणि जखमेपाशी त्याला खिडकी कापली, तिथून आई रोज जखम पुसायची. मेलेल्याला जीव कुठला, तरी ते तीन महिने मी जीव मुठीत धरून काढले.

आज भिंगरीला भूल देऊन मला चिमट्यानं ओढून बाहेर काढलं. बाईंनी नडगी दोन्ही हातांत धरून हलकेच दाबली. माझ्यानं बघवेना.

"धरलंय," बाई म्हणाल्या.

आता मी स्टीलच्या वाडग्यात पडलोय. जंतू कुठला ते तपासायला मला नेतील. आईबापांनो, पोराला ताप असेल आणि हाड दुखत असेल, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणि नव्या हाडा, तू अजून फार कोवळं आहेस रे. माझी धाकधूक काही जात नाही. घट्ट राहा. शुद्धीवर आली की ती आधी पळायलाच बघेल.