उजव्या पायाची बोटं

आमची प्रणाली अमरावतीले बसून अमेरिकेचे पाय पाहते. खरेखुरे नाही, कागदावरचे. तिकडचा डॉक्टर लिहून ठेवते, याचा स्नायू ताणला, त्याचं टेंडन तुटलं, म्हणजे स्नायू हाडाले बांधून ठेवते ती दोरी तुटली. मंग आमची बाई कॉम्प्युटरवर त्याले कोड देते. उजवा का डावा, टाचेमागची का बोटाची, कापली का नुसती ताणली, सगळ्याचा कोड वेगळा. गावात तिले डॉक्टरीणबाई म्हणतात. आमचे बाबा, खुशालराव, तर पारावर छाती फुगवून सांगतात.

मी तिचा मोठा भाऊ, किशोर. पोलीस भरतीचा पोट्टा. पोट्टा कसला, घोडा झालो, तरी भरतीच करून राहिलो. मैदानात सगळ्याच्या पुढं अन् लेखीत मागं, हे माहं नशीब. यंदाची शेवटची भरती होती. पुढच्या साली वयातून बाद.

त्यातच वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ तोडताना कुऱ्हाड सटकली अन् उजव्या पायाच्या पंजावर बसली. आडवा काप. तेल्हाऱ्यात एका डॉक्टरनं टाके घातले अन् चिठ्ठीवर लिहिलं, पायाला जखम. बस. म्या चिठ्ठीचा फोटो प्रणालीले धाडला. लगेच फोन आला.

"दादा, नुसती जखमच आहे ना?"

"कागदात लिहिलं तेच."

"मंग ठीक आहे. पाणी लागू देऊ नको."

टाके निघाले, जखम भरली. बोटं वर होत नव्हती, पण दुखतही नव्हतं. आमच्या घरी दुखते का एवढंच विचारतात, बाकी काही नाही. आई म्हणे, "सूज हाये, उतरन." बाबा म्हणे, "दुखते काय? नाही ना? मंग काय होते!" मलेही तेच खरं वाटलं. बुटात पाय कोंबून पळायले लागलो. बोटं खाली मुडपत अन् मी ठेचकाळत जाये. सोबतचे पोट्टे हसत, "काहून बे किशोरभाऊ, रोडच्या पाया पडून राहिला काय?" मीबी हसो. काय करता!

अखाजीच्या सणाले प्रणाली घरी आली. मी अनवाणी अंगणातून येत होतो, अंगठा फरशीले घासत होता. तिनं पाहिलं अन् हातातली परात खाली ठेवली.

"दादा, टाच टेकव. बोटं वर कर."

म्या लय जोर लावला. कपाळावर घाम आला, पण बोटं काही हलली नाहीत. तिचा चेहराच उतरला.

"टेंडन तुटलं रे तुहं. बोटं उचलते ते. तुटलं का आखडून वर सरकते. मंग दुखत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मले अमरावतीले हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं पाय दाबून पाहिला. "तेव्हाच आले असते तर दोन टोकं जोडून दिली असती," तो म्हणाला. "आता टोकं लांब गेली. दुसरीकडून टेंडन घेऊन बसवू. चालणं सुधारेल. पळायचं मात्र यंदा विसरा."

"सर, पुढच्या हप्त्यात मैदान हाये माहं."

त्यानं माह्याकडं पाहिलं अन् पुढच्या पेशंटले हाक मारली.

बाहेर आलो अन् माहं डोकं सणकलं. "दिवसभर परक्याचे पाय पाहतं अन् घरातला दिसला नाही तुले? फोटो धाडला होता ना!"

ती रडायले लागली. "आमाले शिकवतातच तसं, दादा. डॉक्टरनं लिहिलं तेवढंच धरायचं, आपल्या मनानं काही जोडायचं नाही. त्यानं जखम लिहिलं, मी जखम धरली. रोज तसंच वाचते, तुहा कागदही तसाच वाचला."

"फोनवर बोटं उचल म्हणायले तोंड नव्हतं?"

"होतं," ती म्हणाली.

मले तिची दयाही आली अन् थोबाडात द्यावी असंही वाटलं. दोन्ही खरं.

आपरेशन मागून होईन, भरती मागून होत नाही. असं म्हणून मी अकोल्याच्या मैदानावर गेलो. अंगठ्याले सुतळी बांधली अन् बुटाच्या नाडीत अडकवली, बोटं खाली पडू नये म्हणून. पहिली चक्कर झकास गेली, देवाशपथ. मंग सुतळी तुटली. पाय अडकला अन् मी तोंडावर पडलो. उठलो, पळालो, अजून पडलो. बाकीचे धूळ उडवत निघून गेले. एका शिपायानं बगलेत हात घालून उठवलं. "भाऊ, बाजूले व्हा."

गेटावर प्रणाली उभी होती. तिनं माह्या तोंडावरची माती ओढणीनं पुसली. मीच म्हटलं, "माह्या पायालेबी कोड दे ना."

"दादा, राहू दे."

"दे म्हणतो ना!"

"कोडच्या शेवटी एक अक्षर असते," ती खाली पाहत म्हणाली. "ताज्या दुखापतीवर इलाज चालू असला का एक. बरं होत असताना दुसरं. अन् सगळं होऊन मागं जे राहून जाते, त्याचं तिसरं."

"माहं कोणतं?"

तिनं वाकून माह्या बुटातली तुटकी सुतळी सोडवली. मले समजलं, तिसरं.

रात्री घरी आलो. आई, मैनाबाई तिचं नाव, चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हणते आपली बाई? पायाचं काय?"

"चालता येईन म्हणते."

"मंग बस झालं," आई म्हणाली अन् माह्या ताटात भाकर वाढली. "अजून काय पाहिजे माणसाले?"