हिरव्या कुऱ्हाडीचे गाव

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कुऱ्हाड आहे. कुऱ्हाड होऊन मला काही शतकेच झाली. पण माझा हिरवा दगड पन्नास कोटी वर्षांचा. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा हा कोपरा समुद्राखाली होता. समुद्रतळाचा एक पट्टा दुसऱ्याखाली सरकत होता आणि तिथल्या ज्वालामुखीतून मी तापलेल्या रसाच्या रूपाने वर आले. पुढे जमिनीच्या रेटारेटीत दाबली गेले, भाजली गेले आणि चिवट झाले.

इथल्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांनी मला आपल्या टेकडीतून काढले आणि ओल्या वाळूखडकावर घासून धार दिली. पोसम नावाच्या झाडावरच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांच्या बदल्यात मी दूरच्या गावी गेले. झाडांच्या साली सोलल्या, मध काढला. माझे फार कौतुक होई.

मग गोऱ्यांची शेते आली. कोणाच्या तरी नांगराला मी लागले आणि संग्रहालयाच्या खणात जाऊन पडले. नव्वद वर्षे मला कोणी हात लावला नाही.

एके दिवशी वुरुंजेरींच्या वडीलधाऱ्या नोरीन आल्या; त्यांना सगळे मानाने आंटी म्हणत. त्यांनी मला तळहातावर घेतले.

"ही आमच्या टेकडीची. घरी न्यायचीय."

"आंटी, हिरवे दगड पुष्कळ खाणींत मिळतात," संग्रहालयाचे रसायनतज्ज्ञ कोस्तास म्हणाले. "पुरावा लागेल. एक चकती कापून तपासतो."

"तुझ्या आजीचं गाव शोधायला तिचं बोट कापशील का रे?"

कोस्तास हसले, मग ओशाळले. न कापता नुसत्या किरणांनी तपासणारे यंत्र त्यांनी विद्यापीठातून मागून आणले. यंत्र माझ्यावर टेकले तेव्हा मला धडकी भरली. उत्तर चुकले तर पुन्हा तोच खण!

"टायटॅनियम अगदी कमी, क्रोमियम भरपूर," कोस्तास सावकाश म्हणाले. "समुद्रतळ समुद्रतळाखाली जातो, तिथलाच हा दगड. चार खाणींचे नमुने लावून पाहिले, जुळला फक्त तुमच्या टेकडीशी. तुमचंच खरं, आंटी."

"मला ठाऊकच होतं. आता तुलाही कळलं."

आता मी त्यांच्या घरी असते. मुले मला हाताळतात. पडेल म्हणून कोणी ओरडले, तर आंटी म्हणतात, "पडू दे! अख्खा समुद्र अंगावर घेतलाय तिनं."

मित्रांनो, डोंगरावरचा दगड आवडला तर तिथेच पाहा, तिथेच ठेवा. उचललाच, तर कुठून ते लिहून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही आणि आमच्या वतीने भांडणारी आंटी प्रत्येक दगडाला भेटत नाही.