मागच्या चाकाचा आवाज

भीमाबाई पगारे सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्तीच्या वर्षी त्या गाडी शिकल्या आणि एक जुनी सेदान विकत घेतली. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या रो-हाउसमध्ये गाडी चालवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मुलगा रोहित पुण्याला नोकरीला होता आणि शनिवार-रविवारी घरी यायचा. सून योगिनीला गाडी येत नव्हती.

भीमाबाईंची थोरली बहीण विठाबाई सायखेड्याला राहायची. तिला साखरेचा आजार होता आणि पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. आठवड्यातून दोनदा भीमाबाई गाडी काढून जायच्या, जखम धुऊन पट्टी बदलून संध्याकाळपर्यंत परत यायच्या. विठाबाई नाशिकला येऊन राहायला तयार नव्हती. "मला तिथं कोंडल्यासारखं होतं," एवढंच तिचं उत्तर.

मागच्या उजव्या चाकातून खरखर यायला लागली तेव्हा रोहितने आईला स्पष्टच सांगितलं, "आता बस झालं, आई. या वयात हायवेवर गाडी चालवायची काय गरज आहे? विकून टाकू. मावशीकडे एखादी नर्स लावू."

तो पुण्याला गेल्यावर भीमाबाईंनी स्वयंपाकघरात येऊन योगिनीला विचारलं, "तू ब्रेकच्याच कंपनीत होतीस ना गं?"

योगिनी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. डिप्लोमा झाल्यावर तिथंच लागली आणि लग्नाच्या आधी कंत्राट संपलं. ब्रेकचे कॅलिपर तिच्या हाताखालून रोज जायचे. चाक अडवायला पॅड डिस्कवर दाबतात ते हेच.

"कॅलिपर तपासायचे, आई. गाडीला लावलेला कधी खोललेला नाही."

"म्हणजे आतलं माहितीये."

"आतलं माहितीये."

"मग बघ तरी. गॅरेजला नेली तर तो रोहितचा मित्र लगेच त्याला फोन करील."

लग्नाला सहा-सात महिने झाले होते. दोघींचं बोलणं आजवर भाजी, गॅस, कपडे एवढ्यावरच चालायचं. सासूबाई आपल्याकडे काही मागतायत हेच योगिनीला नवीन होतं. नवऱ्यापासून लपवून करायचं तिला पटत नव्हतं, पण विठामावशीचा पायही तिने पाहिला होता. ती हो म्हणाली.

द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तिने मागचे पॅड आणि ग्रीसची पुडी आणली. गुरुवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर दोघी पोर्चमध्ये बसल्या. पोर्चला गेटाकडे उतार होता, म्हणून भीमाबाईंनी हँडब्रेक घट्ट ओढून ठेवला होता. योगिनीने चाकाचे नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं. कॅलिपरचे बोल्टही सुटले. पण कॅलिपर काही जागचा हलेना. तिने हिसका दिला, तशी अख्खी गाडी जॅकवर डुलली.

"थांब!" भीमाबाई ओरडल्या.

योगिनी मागे सरली. मग तिच्या लक्षात आलं. या गाडीचा हँडब्रेक याच कॅलिपरला होता. तो ओढलेला असेपर्यंत पॅडनी डिस्क धरून ठेवलेली. बोल्ट परत लावले, चाक लावलं, गाडी खाली घेतली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, मग हँडब्रेक सोडला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी काढलेलं चाक तिने गाडीखाली आडवं सरकवलं, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी त्यावर बसेल.

आता कॅलिपर सहज निघाला. त्याचं वजन ब्रेक ऑइलच्या पाइपवर येऊ नये म्हणून तिने तो सुतळीने वर बांधला. बाहेरचा पॅड बऱ्यापैकी शाबूत होता. आतल्याचा मसाला मात्र पार झिजून गेला होता आणि नुसता पत्रा डिस्कला घासत होता.

"एकच कसा गं झिजला?"

योगिनीने कॅलिपरच्या दोन पिना हलवून पाहिल्या. एक सरकत होती, दुसरी गंजून बसली होती. "हिच्यामुळे. कॅलिपर सरकलाच नाही, सगळा भार आतल्यावर आला." तिने ती पीन फिरवत फिरवत बाहेर काढली आणि घासून ग्रीस लावलं.

नवे पॅड जाड होते, ते बसायचे तर त्यांना दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलायला हवा. भीमाबाईंनी तळहाताने जोर लावला. ढिम्म.

"नुसता ढकलून जात नाही, आई. मागचा आहे, हा फिरवत फिरवत आत जातो. आमच्याकडे त्याला मशीन होतं."

मशीन नव्हतं, पण घरात लांब टोकाची पक्कड होती. तिची दोन टोकं पिस्टनच्या खाचांत घालून योगिनी फिरवायला लागली आणि भीमाबाईंनी समोरून दाब धरला. पक्कड दोनदा निसटली, योगिनीचं बोट सोललं. भीमाबाईंनी उठून डेटॉल आणलं, पट्टी लावली, आणि परत जागेवर बसल्या. "हं, फिरव." हळूहळू पिस्टन आत गेला. डावीकडचं काम निम्म्या वेळात झालं.

दुपार व्हायला आली होती. चाकं लागली, नट आवळले. योगिनीने विटा काढल्या आणि गेट उघडायला वळली. भीमाबाई गाडीत बसल्या, चावी फिरवली आणि गिअर न्यूट्रलला घेतला.

गाडी उतारावर मागे सरकली. भीमाबाईंनी ब्रेक दाबला. पॅडल सरळ खालच्या मॅटला जाऊन टेकलं. त्यांनी हँडब्रेक ओढला, तोही नुसता वर आला. योगिनी बाजूला उडी मारून भिंतीला चिकटली. भीमाबाईंनी पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि गेटाच्या एका दारावर आदळून गाडी थांबली.

समोरच्या घरातल्या चैतालीताई गॅलरीत आल्या. "काय झालं हो?"

"काही नाही, गेटाला लागली," भीमाबाई म्हणाल्या. योगिनी खिडकीशी आली.

"पॅडल पंप करायचं असतं, आई. पिस्टन आत गेलेला असतो. गाडी हलवायच्या आधी पाच-दहा वेळा दाबून तो पॅडला भिडवायचा."

"तुला माहीत होतं?"

"होतं. विसरले."

भीमाबाईंनी इंजिन बंद केलं. "तू मागं उभी होतीस. माझ्या हातून तूच गेली असतीस."

योगिनीला रडू फुटलं. भीमाबाई उतरल्या, तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. जवळ घेतलं नाही की समजूतही घातली नाही. तिचं रडणं थांबल्यावर म्हणाल्या, "आता सांग, आणखी काय विसरलीस?"

"नाही माहीत."

"मग परत खोल."

जेवण बाजूला ठेवून दोघींनी दोन्ही चाकं पुन्हा काढली. डावीकडचा खालचा बोल्ट आणखी थोडा आवळला गेला. बाकी सगळं जागेवर होतं. मग भीमाबाईंनी पॅडल कडक होईपर्यंत दाबलं, हँडब्रेक धरेपर्यंत ओढला-सोडला, आणि कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर पायी चालण्याच्या वेगाने गाडी फिरवली. योगिनी शेजारी बसली होती. गाडी थांबत होती.

शनिवारी रोहित आला तो गेटापाशीच थांबला. दार वाकलं होतं, गाडीच्या बंपरला पोचा होता.

"मी ठोकली," भीमाबाई म्हणाल्या.

"बघ! मी काय सांगत होतो?"

"रोहित, त्यांनी नाही ठोकली," योगिनी म्हणाली. "पॅड मी बदलले. पॅडल पंप करायचं मी विसरले. आईंनी ब्रेक दाबला, तो लागलाच नाही."

रोहितने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही घरी पॅड बदलले? आणि मला सांगितलंसुद्धा नाही?"

"सांगितलं असतं तर तू गाडी विकली असतीस," भीमाबाई म्हणाल्या.

"मी काय तुझं वाईट बघतो का? तू सायखेड्याला निघालीस की मला ऑफिसात काम सुचत नाही. कुणाचाही फोन आला तरी आधी तेच मनात येतं."

"मग तसं म्हणायचं. माझं वय कशाला काढतोस?"

रोहित बॅग आत ठेवून बाहेर आला आणि योगिनीला म्हणाला, "दाखव काय केलंय ते." तिने दाखवलं. संध्याकाळी तो स्वतःच गाडी मित्राच्या गॅरेजला घेऊन गेला. मित्राने चाकं खोलून पाहिली, काम बरोबर आहे म्हणाला. डिस्कवर चर पडलाय, सहा महिन्यांनी ती बदलावी लागेल, तोवर चालेल. घरी येऊन रोहितने हे जसंच्या तसं आईला सांगितलं. विकायचा विषय त्याने काढला नाही. सोडून दिला असंही म्हणाला नाही. रविवारी वेल्डर बोलावून त्याने गेट सरळ करून घेतलं.

सोमवारी पहाटे त्याला पुण्याची बस पकडायची होती. भीमाबाईंना सायखेड्याला जायचंच होतं, म्हणून त्याला द्वारकेला सोडायचं ठरलं. तो पुढे बसला, योगिनी मागे. प्रत्येक सिग्नलला रोहितचा उजवा पाय आपोआप समोर दाबला जात होता.

"पाय वर घे," भीमाबाई म्हणाल्या. "ब्रेक माझ्याकडे आहे."

योगिनीला हसू आलं, मग त्यालाही आलं. द्वारकेला तो उतरला आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "पोचल्यावर फोन कर."

"योगिनी करील," भीमाबाई म्हणाल्या. मागे बस हॉर्न वाजवत होती. योगिनी पुढच्या सीटवर येऊन बसली, पट्टा लावला, आणि भीमाबाईंनी गाडी सायखेड्याकडे, नांदूर नाक्याच्या रस्त्याला घेतली.