जाहिदाबींचे कान

वरोऱ्यातल्या लग्नांत जन्मभर लाउडस्पीकरचे कर्णे वाजवले की माणसाच्या कानांचं जे व्हायचं, तेच सादिकभाईंच्या कानांचं झालं होतं. जाड आवाज ऐकू येई, बारीक आवाजांनी मात्र कधीच रजा घेतली होती. डास बिचारा कानाशी भुणभुणून थकून जाई. डीजेवाल्यांनी त्यांचा धंदा बुडवल्यावर अशा माणसानं गप्प बसावं की नाही? पण खोड जाते कुठे! जुन्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह जमवून त्यांनी घरीच अ‍ॅम्प्लिफायर बांधला. हात स्वतःचे आणि कान बायकोचे.

हे पडवीत वायरींना सोल्डरचे डाग देत बसायचे, स्पीकर आत चुलीच्या खोलीत. स्पीकरमधून बारीक शिट्टी येते का, हे यांना कळायचं नाही, म्हणून मधेच हाक मारायची, "शिट्टी येऊन राह्यली का?" आतून जाहिदाबी म्हणत, "येते थोडीशी." मग हे एखादा कपॅसिटर बदलत. "आता?" "गेली जी. चला, जेवून घ्या." सादिकभाई खूश होऊन हात धुवायला उठत.

जाहिदाबींना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. पोटाचं दुखणं होतं. पावसाळ्यात त्या वाकून चालायला लागल्या, तेव्हा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याच म्हणाल्या, "थांबलं जी दुखणं. काऊन जायचं उगाच?" सादिकभाईंनी जाणं रद्द केलं. हिवाळ्यात त्या वारल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आजार जुना होता, फार आधी यायला हवं होतं. सादिकभाई मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मधले महिने तिले काईच त्रास नव्हता. एकदमच उलटलं." त्या एका वाक्याच्या आधारानं म्हातारा जगत होता. ते खोटं निघालं असतं तर बायकोला आपणच मारलं, असं त्यांना वाटलं असतं.

मुलगी आफ्रीन बल्लारपूरहून राहायला आली. घर फार सुनं वाटतं म्हणून तिनं सकाळी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबूस झाले. गाणं लावायच्या आधीच ती म्हणाली, "अब्बा, शिट्टी वाजून राह्यली ना याच्यात."

"बंद पडून होता ना, म्हणून असंन." तिच्या लग्नानंतर बांधलेलं यंत्र होतं. ती माहेरी आली की गाणं सुरूच असे आणि शिट्टी गाण्याखाली दडून जाई.

सादिकभाई कामाला लागले. पहिला व्हॉल्व्ह बदलला. "आता?"

"येतेच आहे."

पोरगी तिखट होती, सूट म्हणून देत नव्हती. त्यांनी आवाजाचं बटण उतरवायला सांगितलं. शिट्टी बंद झाली, चढवल्यावर परत आली. म्हणजे बिघाड बटणाच्या अलीकडे, गाणं आत येतं त्या वायरीत. त्यांनी वीज काढली, यंत्र उलटं केलं आणि आत पाहिलं.

मांडवात कुणाचा पाय अडकू नये म्हणून सगळ्या वायरींची एकच वेणी घालायची, ही त्यांची जुनी सवय. तशीच वेणी त्यांनी इथंही घातली होती. आत येणारी नाजूक वायर आणि स्पीकरकडे जाणारी दांडगी वायर, दोन्ही मेणदोऱ्यानं एकमेकींना घट्ट बांधलेल्या. बाहेर जाणारा आवाज तिथंच आत शिरत होता आणि कोकलत होता. सादिकभाईंनी दोरा कापला, वायरी एकमेकींपासून लांब केल्या आणि वीज पुन्हा जोडली.

"गेली, अब्बा! साफ गेली!"

त्यांनी काडीनं वायरी पुन्हा जवळ आणल्या. "आली." दूर केल्या. "गेली." जुना व्हॉल्व्ह बसवून पाहिला, तरी तसंच. आफ्रीन हसत होती, पण बापानं कापलेला दोरा हातात घेतला. तो दोरा त्यांनी यंत्र पहिल्यांदा सुरू करायच्याही आधी बांधला होता. गाठ तीच, कधी सोडलेली नव्हती. म्हणजे शिट्टी पहिल्या दिवसापासून होती. जाहिदा रोज तिच्याजवळ बसून पोळ्या लाटत होती आणि नवरा जेवायला उठावा म्हणून "गेली" म्हणत होती.

अजून काय काय गेलं म्हणाली होती ती?

त्यांनी यंत्र बंद केलं. "आफ्रीन, तुझ्या अम्मीचं पोट खरंच थांबलं होतं का?"

"थांबलं होतं की," आफ्रीन लगेच म्हणाली. फार लगेच. सकाळपासून शिट्टीच्या बाबतीत एकदाही न बधलेली पोरगी आता खाली बघत होती.

"मले खरं सांग, बेटा."

आफ्रीननं ओढणी तोंडाशी धरली. "तिनं कसम घातली होती, अब्बा. नागपूरले गेलो तर तुमचा जीव घाबरंन म्हणे. मले फोन करे ती रोज रात्री. कण्हे अन् बोले, बोले अन् कण्हे. मी म्हणो, अम्मी, अब्बा उठतीन ना. तर म्हणे, ते इथीच आहेत बाजूले, जागेच आहेत. बारीक बोललं, बारीक कण्हलं तर त्याईले ऐकू येत नाई."

सादिकभाईंनी दोन्ही कान हातांनी गच्च दाबले आणि मुलीसमोर ते हमसून हमसून रडले.